ब्लँक निळा येतोय: रिसर्च लॅबमधलं माझं पहिलं वर्ष

मागच्या आठवड्यात एका ज्युनियरचा मेसेज आला, "दादा, सरांनी हो म्हटलंय, तुमच्या लॅबमधे जॉइन होतोय, आधी काय काय वाचून येऊ?" मी टाईप करायला घेतलं की अमुक रिव्ह्यू वाच, तमुक पेपर वाच, मग सगळं खोडलं आणि लिहिलं की पायात बूट घालून ये, चप्पल सँडल चालत नाही. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण खरंच, मी पहिल्या दिवशी सँडल घालून गेलेलो आणि लॅबमधल्या सिनियर ताईने दारातूनच मागे फिरवलं, "पायावर ॲसिड सांडलं की मग आठवेल तुला." मित्राच्या रूमपर्यंत चालत परत गेलो, त्याचे एक नंबर लहान असलेले बूट घातले आणि पहिला अख्खा दिवस लंगडत काढला. बाकीचं जे सांगायचंय ते मेसेजमधे मावणार नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

आधी माझं सांगतो. सांगली जिल्ह्यातला, मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, मार्क चांगले, प्रॅक्टिकलला नेहमी ए ग्रेड. पण एमएस्सीचं प्रॅक्टिकल म्हणजे काय असतं, आपण बेंचवर पोचायच्या आधी मीडिया (जिवाणू वाढवायचं खाद्य) तयार असतो, प्लेट्स ओतलेल्या असतात, कल्चर ताजं असतं, आपण फक्त लूप गरम करून रेघोट्या मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी कॉलनी मोजून जर्नल लिहायचं. आणि आकडा नाहीच आला तर शेजारच्याचा असतोच की. त्यामुळे मला मनापासून वाटत होतं की आपल्याला लॅबचं काम येतं.

लॅब मिळवणं ही एक वेगळीच कथा. २०२२ च्या उन्हाळ्यात मी अठरा जणांना मेल पाठवले. सगळ्यांना एकच मेल, वर फक्त नाव बदललेलं, आणि एका मॅडमना मी 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं. तीन उत्तरं आली, त्यातली दोन "सध्या जागा नाही". आता आमच्या सरांच्या इनबॉक्समधे तसले मेल मी बघतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण सर दुसऱ्या ओळीच्या पुढे जातच नाहीत. चालतो तो मेल असा असतो की तुमचं हे हे काम मी वाचलंय, त्यातलं हे मला कळलं नाही किंवा हे करून बघावंसं वाटतं, मला ही दोन तंत्रं येतात, भेटायला येऊ का. आठ ओळी पुरतात. आणि उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी परत एकदा आठवण करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, मेल खरंच खाली जातात.

इंटरव्ह्यूला मी जैवतंत्रज्ञानाचं भवितव्य वगैरे पाठ करून गेलेलो. सरांनी कागद पुढे सरकवला आणि विचारलं, सॅम्पल एक लाख पट डायल्यूट केलं, त्यातले १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरले, ४२ कॉलनी आल्या, तर मूळ सॅम्पलच्या एका मिलीत किती जिवाणू? मी रुबाबात सांगितलं ४२ लाख. सर म्हणाले, "बाकीचे कुठे गेले?" मला कळेचना. १०० मायक्रोलिटर म्हणजे मिलीचा दहावा भाग, म्हणजे अजून दहाने गुणायला पाहिजे, ४ कोटी २० लाख. अकरावीतला गुणाकार आहे हो. पण नंतर मला कळलं की बहुतेक लॅबमधे असलंच विचारतात, डायल्यूशन, मोलॅरिटी, हे द्रावण ५० पट आहे तर ते एकपट करायला किती घेशील. ग्रँड प्रश्न येत नाहीत. मला तरीही घेतलं, का ते आजपर्यंत विचारलेलं नाही.

माझी इथे एक चूक झाली, नशिबाने ती अंगाशी आली नाही. मी सरांना भेटलो, लॅब बघितली, मशीनं बघून भारावलो आणि हो म्हणून टाकलं. लॅबमधल्या पोरांशी एक शब्द बोललो नाही. खरं तर गाईडशी अर्धा तास बोललात तर तिथल्या सिनियरबरोबर दोन तास चहाला बसा. आणि गुळमुळीत काही विचारू नका, सरळ विचारा. प्रोजेक्टचं फंडिंग कधी संपतंय? मागच्या पाच-सहा जणांची पीएचडी किती वर्षांत झाली, मधेच कोणी सोडून गेलं का, गेलं तर का? पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं? रविवारी यावं लागतं का, आणि लागतं तर कामासाठी की सरांना दिसण्यासाठी? शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसला आणि विषय बदलला तर ते उत्तरच समजा. माझा एक वर्गमित्र दुसऱ्या एका ठिकाणी असंच न विचारता लागला, सहा महिन्यांनी कळलं की प्रोजेक्टचं ते शेवटचंच वर्ष होतं.

मी लागलो प्रोजेक्ट असोसिएट म्हणून, महिना २५,००० आणि वर घरभाडं. घरी सांगितलं तर बाबा खूष, आईने पेढे वाटले. जॉइनिंग रिपोर्ट दिला, ओरिजनल दाखवली, मायग्रेशन सर्टिफिकेट राहिलं होतं ते आणायला गावी एक खेप झाली, बँकेत खातं, आयकार्ड, आणि मग पगाराची वाट. ऑगस्टमधे लागलो, पहिला पगार आला नोव्हेंबरमधे, तिन्ही महिन्यांचा एकदम. कोणी खाल्ला नव्हता, फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत होती इतकंच. पण पुण्यात रूमचं डिपॉझिट, मेस, बस हे थांबत नाही ना. तर तीन महिन्यांचे पैसे हाताशी ठेवूनच या, उधारीवर का होईना. पुढे यूजीसीवाली जेआरएफ (म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, पीएचडी करताना दर महिन्याला मिळणारे पैसे) मिळाली तेव्हाही तेच, दर महिन्याला विद्यापीठाकडून ऑनलाईन कन्फर्मेशन जावं लागतं, आणि ते करणारा माणूस रजेवर असेल तर तुमची फेलोशिपपण रजेवर.

बसायला मला अर्धा ड्रॉवर मिळाला. बेंच नाही, खुर्ची नाही, अर्धा ड्रॉवर, उरलेला अर्धा ताईचा, आणि मधे तिने चिकटपट्टीने सीमा आखलेली.

आता पहिल्या महिन्याचं काम. काहीही शोध लागत नाही, हे आधीच डोक्यात घेऊन या. मी भांडी धुतली, टिप्स (पिपेटला लावायची प्लास्टिकची टोकं) बॉक्समधे भरल्या, त्या एक एक करून भराव्या लागतात, एका बॉक्समधे ९६, ऑटोक्लेव्ह लावला, मीडिया केला, ओतला, परत भांडी धुतली. एमएस्सी करून भांडी घासतोय हे मी घरी सांगितलं नव्हतं. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच, १२१ डिग्री, १५ पाउंड प्रेशर, १५ ते २० मिनिटं, आणि प्रेशर पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. मी एकदा घाई केली, प्रेशर उतरायच्या आधी वाफ सोडली, आतला सगळा आगर (जेलीसारखा घट्ट होणारा मीडिया) उकळून बाटल्यांच्या बाहेर. तो गार झाल्यावर जो काय चिकटून बसतो ते खरवडायला मला आणि मामांना संध्याकाळ लागली. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, डिपार्टमेंटमधे त्यांना सगळे मामाच म्हणतात, एचओडीसुद्धा. लॅबमधे सगळ्यात आधी कोणाशी ओळख करून घ्यायची असेल तर ती मामांशी. कुठला फ्यूज उडतो, कुठल्या कपाटाची किल्ली कोणाकडे, स्टोअरच्या बाईंचा मूड कधी चांगला असतो, हे गाईडला माहीत नसतं, मामांना असतं.

आमचा प्रोजेक्ट क्षारपड जमिनीतल्या जिवाणूंवर होता. कृष्णाकाठी ऊस घेऊन घेऊन, पाणी पाजून पाजून जी रानं मिठाने पांढरी पडलीत ती आमच्या भागात सगळ्यांनी बघितलीयत, माझ्या मामाचंच दीड एकर तसं आहे (हे मामा खरे मामा, लॅबवाले नव्हे). तर तसल्या खारट मातीत राहूनही जे जिवाणू न विरघळणारं फॉस्फेट विरघळवून पिकाला मिळेल असं करतात, ते शोधायचे. त्यासाठी पिकोव्हस्काया नावाचा आगर वापरतात, त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं, लिटरला ५ ग्रॅम, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून प्लेट दुधासारखी पांढरी दिसते. जिवाणू काम करणारा असला की कॉलनीच्या भोवती पांढरं जाऊन काचेसारखं स्वच्छ कडं पडतं. पेपरात हे दोन ओळींत असतं. पेपरात हे नसतं की ती पांढरी पावडर बाटलीच्या तळाशी बसते, त्यामुळे ओतताना बाटली सतत हलवत राहायची, पण फेस येऊ द्यायचा नाही, आणि आगर इतकाच गरम पाहिजे की बाटली गालाला लावली तर सोसेल. जास्त गरम ओतला तर झाकणाला पाणी धरतं, गार झाला तर गुठळ्या. माझ्या पहिल्या वीस प्लेट्समधल्या पहिल्या पाच पाण्यासारख्या आणि शेवटच्या पाच चुना मारल्यासारख्या. ताईने बघितलं, काही बोलली नाही, माझ्या हातातून बाटली घेतली आणि मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं. ते मनगट शिकायला मला तीन आठवडे गेले.

पहिलं कडं दिसलं ती सकाळ मात्र विसरणार नाही. इनक्युबेटर उघडला, प्लेट उजेडात धरली, कॉलनीभोवती नखाएवढी स्वच्छ गोल जागा, तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. मी मामांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "भोक पडलंय व्हय?"

आणि आता तो निळा ब्लँक. हे जरा सविस्तर सांगतो, कारण लॅबमधे जायचं म्हणजे नक्की काय, हे मला या एका प्रकरणात कळलं.

कडं दिसणं हा नुसता अंदाज. किती फॉस्फेट सुटलं हे मोजायला द्रावणात मोलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड घालतात, फॉस्फेट असेल तर निळा रंग येतो, जितकं जास्त तितका गडद, आणि तो स्पेक्ट्रोवर, म्हणजे रंग किती गडद आहे ते मोजणाऱ्या मशीनवर, ८८० नॅनोमीटरला वाचतात. पद्धत जुनीच आहे, १९६२ पासून लोक वापरतायत, त्यात अवघड असं काही नाही. ब्लँक म्हणजे ज्यात फॉस्फेट घातलंच नाही ती नळी, ती जवळपास रंगहीन यायला पाहिजे. माझी पहिल्या दोन वेळा तशी आली. तिसऱ्या वेळी फिकट निळी. मला वाटलं काहीतरी थेंब पडला असेल, तेवढं वजा करून टाकलं आणि पुढे गेलो. हो, वजा केलं. चौथ्या वेळी अजून निळी, पाचव्या वेळी एक नळी निळी एक नाही.

मग मी एक एक बदलत गेलो. ॲस्कॉर्बिक ॲसिड रोज ताजं केलं, मोलिब्डेटचं नवीन द्रावण, डिस्टिल्ड वॉटर शेजारच्या लॅबमधून मागून आणलं, क्युव्हेट (मशीनमधे ठेवायच्या छोट्या चौकोनी नळ्या) बदलले. एक दिवस ब्लँक चांगला यायचा, मी खूष, दुसऱ्या दिवशी परत निळा. असे १९ दिवस. आणि या १९ दिवसांतच मधे लॅब मीटिंग आली, माझी पहिली, त्यात मी ब्लँक वजा करून सुंदर बार ग्राफ दाखवलेला, १७ नंबरचा आयसोलेट (मातीतून वेगळा काढलेला जिवाणू) सगळ्यांपेक्षा दुप्पट. सर म्हणाले, "अरे वा." त्या 'अरे वा'मुळे मी पुढचे आठ दिवस कोणाला काही बोललो नाही. लॅबमधे नवीन आलेल्या माणसाची सगळ्यात वाईट सवय कुठली म्हणाल तर ही, कळत नसताना गप्प बसणं. त्या आठ दिवसांत केमिकल गेलं, वेळ गेला, आणि ताई माझ्यापासून चार फुटांवर बसली होती.

शेवटी तीच म्हणाली, "रोज इतका निळा का दिसतोयस रे, नोटबुक आण." माझी लॅब नोटबुक म्हणजे विनोद होता. "आज असे केले, रीडिंग घेतले, परत ब्लँक निळा." कुठल्या बाटलीतून, कधी केलेलं द्रावण, किती वाजता, काही नाही. ती पानं उलटत होती आणि एका पानावर टाचणी लावलेली किराणा दुकानाची पावती. ६५ रुपये, कपडे धुवायची पावडर. लॅबचा साबण संपला होता, स्टोअरमधून यायला वेळ लागणार होता, म्हणून मी खिशातून आणली आणि पैसे परत मिळतील या आशेने पावती जपून ठेवली. तारीख बघितली, निळं सुरू व्हायच्या बरोबर आदल्या दिवसाची. ताईने एवढंच विचारलं, "भांडी कशाने घासलीस?"

बऱ्याच डिटर्जंट पावडरीत फॉस्फेट असतं. म्हणजे मी रोज प्रामाणिकपणे, दोन दोनदा घासून, काचेला फॉस्फेटचा हात देत होतो आणि मग त्याच काचेत फॉस्फेट मोजत होतो. कधी जास्त खळबळलं गेलं की ब्लँक चांगला, कधी कमी की निळा. फॉस्फेटच्या कामाची काच डिटर्जंटने धुवायचीच नाही, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमधे रात्रभर भिजवायची आणि डिस्टिल्ड वॉटरने पाच-सहा वेळा धुवायची, ही गोष्ट तिला इतकी पाठ होती की मला सांगायची राहिली. ती म्हणाली, "माझी पण चूक." नव्हती तिची चूक, मी विचारलंच नव्हतं.

सरांना सांगायला गेलो तेव्हा हात गार पडलेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं पावडर कधी आणली, मग म्हणाले, त्या तारखेच्या पुढचं सगळं पेनने तिरकी रेघ मारून बाद कर, पान फाडायचं नाही, कारण लिही, सही कर. आणि पुढच्या मीटिंगला तोच ग्राफ परत दाखव आणि सांग का चुकला. ते पाच मिनिटांचं प्रेझेंटेशन मी आत्तापर्यंत दिलेल्या सगळ्या प्रेझेंटेशनमधलं सगळ्यात अवघड. परत सगळं ॲसिडने धुतलेल्या काचेत केलं तर १७ नंबर साधारणच निघाला, ९ नंबर वर आला. आज माझी अर्धी पीएचडी त्या ९ नंबरवर उभी आहे.

नोटबुक तेव्हापासून बदलली. पेनने, पानांना नंबर घालून, तारीख, कुठल्या बाटलीतलं, बाटलीवरचा लॉट नंबर, कोणी केलेलं, मशीन कुठलं, आणि काय बिनसलं ते. फोनमधे फोटो काढून ठेवला म्हणजे नोंद झाली असं नसतं, माझ्या फोनमधे अजून चारशे प्लेट्सचे फोटो आहेत, त्यातली कुठली कुठली ते देवाला माहीत.

गाईडबद्दल लोक फार विचारतात, सर कसे आहेत, मॅडम कशा आहेत. बाहेरून वाटतं गाईड म्हणजे रोज शेजारी उभं राहून शिकवणारा माणूस. विद्यापीठातला गाईड एमएस्सीची लेक्चरं घेतो, पेपर तपासतो, ॲडमिशन कमिटीत असतो, नॅकच्या (विद्यापीठाला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फायली करतो, प्रोजेक्टचं युटिलायझेशन सर्टिफिकेट म्हणजे खर्चाचा हिशेब करतो, आणि उरलेल्या वेळात तुम्ही. आमच्या सरांची आठवड्याला वीस मिनिटं मिळाली तरी तो आठवडा चांगला म्हणायचा. म्हणून आत जाताना एक कागद न्यायचा, त्यावर तीन गोष्टी, काय केलं, कुठे अडलंय, पुढे काय करू म्हणतोय. आणि बाहेर आल्यावर जे ठरलं ते मेलवर टाकायचं. हे मी शिकलो कारण एकदा सरांनी सांगितलेला प्रयोग दोन महिने केला आणि मग ते म्हणाले, "हे कोणी सांगितलं तुला?" खोटं बोलत नव्हते, खरंच विसरले होते.

पिपेट (थेंबाथेंबाने द्रव मोजून घ्यायचं साधन) पहिले दोन महिने कोणी नीट धरू देत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पी-थाउजंड, पी-टू हंड्रेड, पी-ट्वेंटी असे तीन असतात, आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती मायक्रोलिटर, आणि पी-ट्वेंटीचा आकडा वीसच्या पुढे फिरवला की ताई तुम्हाला फिरवेल. एन्झाईम उणे २० च्या फ्रीजमधून काढलं की बर्फावर, वापरलं की लगेच परत. जेलवाल्या बेंचवर वेगळे ग्लोव्हज, कारण एथिडियम ब्रोमाईड, डीएनए रंगवायचं घातक रसायन, आणि त्या ग्लोव्हजने दाराची कडी, फोन, चहाचा कप यातलं काहीही धरायचं नाही. आमच्याकडे कडीला हात लावणाऱ्याला सगळ्यांना वडापाव द्यावा लागतो, मी दोनदा दिलाय.

माणसांची भांडणं कशावरून होतात तर टिप्सवरून, डीप फ्रीजरमधल्या रॅकवरून, आणि "माझा डीएनटीपी (डीएनएच्या कॉपी करायला लागणारं केमिकल) कोणी संपवला" यावरून. हसू नका, दोन पोस्टडॉक यावरून महिनाभर बोलत नव्हते. कारण वस्तू संपली की लगेच येत नाही. तीन कोटेशनं, तुलनेचा तक्ता, सह्या, ऑर्डर, मग कंपनी म्हणणार माल स्टॉकमधे नाही, बाहेरून यायला सहा आठवडे. म्हणून अर्धी बाटली उरली की मागणी टाकायची. आणि मार्चमधे उलटं, ३१ मार्चच्या आत पैसे खर्च झाले पाहिजेत म्हणून जी वस्तू वर्षभर मिळत नव्हती ती चार दिवसांत दारात, सोबत नको असलेल्या आणखी दहा.

पावसाळ्यात लाईट जाते. जनरेटर आहे, पण तो चालू होईपर्यंतची मिनिटं आणि कधी कधी तो चालूच होत नाही ती रात्र. उणे ८० चा फ्रीजर बीप बीप करायला लागला की जो जवळ राहतो त्याला फोन, आणि जवळ मी राहायचो. एकदा गणपतीत सगळे गावी, मी एकटाच, रात्री दोन वाजता सिक्युरिटीवाल्या काकांबरोबर तिसऱ्या मजल्यावर बर्फ वाहिलाय. त्या फ्रीजरमधे माझी एकही नळी नव्हती. सुट्ट्यांचं आधीच वाटून घ्या, दिवाळी कोण, गणपती कोण, ईद, ओणम कोण, नाहीतर नवीन माणसाच्या वाट्याला सगळंच येतं.

पीएचडी रजिस्ट्रेशनचं थोडक्यात. मी जून २०२३ च्या नेट परीक्षेत जेआरएफ काढली, जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० आहे, दोन वर्षांनी असेसमेंट होऊन एसआरएफ (सिनियर रिसर्च फेलोशिप), ते ४२,०००. यूजीसीचा २०२२ चा नियम असा की पीएचडी कमीत कमी तीन वर्षं, मुदतवाढ न घेता जास्तीत जास्त सहा, कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिट, त्यात रिसर्च एथिक्सचा पेपर सक्तीचा, आणि दर सेमिस्टरला कमिटीपुढे प्रगती सांगायची. पेपर छापल्याशिवाय थीसिस घेत नाहीत ही जुनी अट यूजीसीने काढली, पण म्हणून आमचे सर पेपरशिवाय थीसिसवर सही करतील असं समजू नका. कोर्सवर्कच्या सहा महिन्यांत लॅबचं काम अर्ध्यावर येतं, तेवढं धरून चला.

घरच्यांचं काय सांगू. आई रोज फोनवर विचारायची, "आज काय शोधलंस?" पहिले सहा महिने मी विषय बदलायचो. मग एकदा तिला पावडरीची गोष्ट सांगितली. ती हसली नाही, म्हणाली, "मग राखेनं घासायची की." यावर मी काय बोलणार. नातेवाईकांचं मात्र एकच, अजून किती वर्षं, आणि नंतर नोकरी लागेल ना. याचं उत्तर आमच्या लॅबमधे कोणाकडेच नाहीये, सरांकडेही नाही, आणि ज्याला ते आधी पाहिजे असेल त्याने थांबून विचार केलेला बरा. माझ्याबरोबर लागलेली एक मुलगी सात महिन्यांत सोडून गेली, आता एका फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलमधे आहे, मजेत आहे, आणि आमच्यापेक्षा पिपेटिंग चांगलं करते. तेव्हा सगळे "सोडलं तिने" असं दबक्या आवाजात बोलत होते, मीही बोललो, त्याची आता लाज वाटते. आणि गाईडचा खरंच त्रास असेल, अपमान, घरची कामं, रात्रीचे फोन, तर गाईड बदलता येतो, सोपं नसतं पण येतो, तक्रारीसाठी कमिट्या असतात. ते सहन करणं हा ट्रेनिंगचा भाग वगैरे नसतो, कोणी तसं सांगत असेल तर ऐकू नका.

ताईची पीएचडी मागच्या वर्षी झाली, ती गेली, जाताना चिकटपट्टीची सीमा काढून ड्रॉवर पूर्ण माझ्या नावावर करून गेली. ज्युनियर सोमवारी येतोय. काल त्याच्यासाठी अर्धा भाग रिकामा करायला बसलो, मागच्या कोपऱ्यात टिप्सचा एक भरलेला बॉक्स निघाला, वर माझं नाव, २०२२, आणि खाली लाल पेनने "हात लावू नये". लपवून ठेवलेला आणि विसरलेलो. तेव्हा अख्खी लॅब तो बॉक्स शोधत होती, आणि मीही त्यांच्याबरोबर शोधत होतो.